गाडी हेच घर झालं की: निघण्याआधी आणि रोजच्या मुक्कामाला कोणतं काम कोणत्या क्रमानं करायचं

गादी टाकली, शेगडी बसवली, टपावर सोलर चढवलं आणि निघाले. नागपुरातून महिनोन्‌महिन्यांसाठी गाडीत राहायला बाहेर पडणारी बहुतेक मंडळी याच क्रमानं तयारी करतात. कुणी निवृत्त जोडपं, कुणी लॅपटॉपवर काम करणारी पोरं, कुणाची ट्रॅव्हलर, कुणाची बोलेरो. पैसा आणि लक्ष गाडीच्या आतल्या कामात जातं. तब्येतीची तपासणी, झोपताना हवा कुठून येणार, पाणी कुठलं प्यायचं, रात्री कुठं थांबायचं, हे सगळं "वाटेत पाहू"वर सोडलेलं असतं. आठ दिवसांच्या सहलीत ते खपून जातं. गाडीतच राहायचं ठरलं की तीच चूक रोज होते, आणि मग एखाद्या दिवशी महागात पडते.

म्हणून इथं क्रम बदलला आहे. आधी माणूस, मग हवा आणि गॅस, मग पाणी. आणि रस्त्यावरचा प्रत्येक दिवस रात्रीच्या मुक्कामापासून मागे मोजायचा.

## टप्पा १: निघण्याच्या दीड-दोन महिने आधी, तब्येत

१. आधी दातांच्या डॉक्टरकडे जा. याला सगळे हसतात, पण रूट कॅनलला तीन-चार फेऱ्या लागतात आणि रस्त्यावर त्या एकाच डॉक्टरकडे होत नाहीत. किडलेला दात नागपुरातच उरकून घ्या.

२. रक्तदाब, साखर, किडनीची तपासणी करा. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर काढतात. एप्रिल-मे महिन्यात रस्त्यावर असणार असाल तर हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, मात्रा बदलायची का ते त्यांना ठरवू द्या. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका.

३. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत झालं नसेल तर घ्या. टायफॉइडच्या लसीबद्दल विचारा. ढाब्यांवर आणि पंपांवर कुत्री असतातच, तेव्हा रेबीजची आगाऊ लस घ्यायची का हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

४. रोजची औषधं दोन महिन्यांची घ्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. चिठ्ठीवर ब्रँडच्या नावासोबत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. गोंदियात मिळणारा ब्रँड बिदरला मिळेलच असं नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांची सोय आधीच करून ठेवावी लागते. फ्रिज चालू असेल तर प्रश्न नाही, पण तो बंद पडला तर काय? छोटा मातीचा माठ, त्याभोवती ओलं फडकं आणि आत डबीत इन्सुलिन, ही सोय सावलीत चालते. बर्फाला मात्र थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

तपासा: प्रत्येकाच्या पाकिटात एक कागद हवा. रक्तगट, आजार, चालू औषधं, कशाची ॲलर्जी आहे आणि घरच्या दोन माणसांचे नंबर. फोन लॉक असतो, तो फुटतोही.

## टप्पा २: कागदपत्रं

हा टप्पा थोडक्यात. गाडीच्या आत मोठे बदल केले असतील तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची नोंद लागते. ती घ्या आणि विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. नाहीतर अपघातानंतर दावा अडकतो. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये ठेवा, शिवाय छापील प्रतही ठेवा, कारण जंगलपट्ट्यात नेटवर्क जातं. आरोग्य विम्याचं कॅशलेस कार्ड आणि त्या कंपनीचा चोवीस तासांचा नंबर डॅशबोर्डच्या आत चिकटवून टाका.

चार नंबर घरातल्या लहान मुलालाही पाठ हवेत: रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी आणि कुठल्याही संकटात ११२, राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, आगीसाठी १०१. समृद्धी हा राष्ट्रीय महामार्ग नाही. त्याचा मदत क्रमांक रस्त्यात शिरतानाच फलकावरून टिपून घ्या.

## टप्पा ३: हवा, गॅस आणि आग

या टप्प्यात घाई करू नका. इथली चूक दुरुस्त करायला दुसरी संधी मिळत नाही.

१. गॅस खाली साचतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत, गादीखाली, कप्प्यांत बसतो. खिडकी वर उघडी आहे म्हणून तो निघून जात नाही. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, गाडीबाहेर उघडणारं भोक हवं आणि तो कप्पा झोपण्याच्या जागेपासून बंद हवा. घरगुती १४.२ किलोची टाकी गाडीत ठेवू नका. ५ किलोची छोटी टाकी ओळखपत्र दाखवून रीतसर मिळते, दोघांना पुरते.

२. नळी हातात घेऊन पाहा. रेग्युलेटर बंद करा, नळी सोडवा, टोकाजवळ अंगठ्यानं वाकवा. वाकवल्यावर बारीक रेघा, तडे दिसले की ती नळी संपली. गाडीच्या हादऱ्यांनी आणि उन्हानं ती घरापेक्षा लवकर कडक होते, म्हणून छापलेल्या मुदतीची वाट पाहू नका. नवी बसवल्यावर वाटीत साबणाचा दाट फेस करा, रेग्युलेटर उघडा, प्रत्येक जोडावर बोटानं फेस लावा आणि मिनिटभर बघत राहा. एक जरी बुडबुडा फुगत राहिला तर जोड परत आवळा. काडी पेटवून तपासणारे अजूनही दिसतात. तसं कधीच करू नका.

३. चालत्या गाडीत रेग्युलेटर बंद. चावी फिरवण्याआधी एकानं मोठ्यानं "गॅस बंद" म्हणायचं. ही सवय पहिल्याच दिवसापासून लावा.

४. कार्बन मोनॉक्साइड. याला वास नाही, रंग नाही. बंद गाडीत शेगडी, कोळशाची सिगडी, जनरेटर किंवा एसीसाठी चालू ठेवलेलं इंजिन, या चारही गोष्टी झोपेत जीव घेतात. हिवाळ्यात चिखलदऱ्याला थंडी लागते म्हणून सिगडी आत घेणं हा सगळ्यात वाईट निर्णय. थंडीसाठी जाड रजई आणि लोकरीची टोपी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपताना डोकं असतं त्या उंचीवर लावा, गॅसचा अलार्म जमिनीलगत. दोन्ही वेगळे, एकावर भागत नाही.

थांबा: गाडीतल्या सगळ्यांचंच डोकं एकदम दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं, तर पित्त समजून गोळी घेत बसू नका. आधी सगळे बाहेर पडा, मोकळ्या हवेत जा. कारण नंतर शोधा.

५. आग विझवायला एबीसी प्रकारची कोरडी पावडरची नळकांडी दोन. एक दाराशी, एक बिछान्यावरून हात पोहोचेल तिथं. फक्त शेगडीच्या मागे ठेवली तर आगीच्या पलीकडे हात घालावा लागतो.

६. बॅटरीच्या तारेला फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. चार्जर आणि इन्व्हर्टर गादीखाली कोंबू नका.

## टप्पा ४: पाणी

उकळलं की सगळं पाणी चांगलं, हा गैरसमज आपल्याकडे फार घट्ट आहे. उकळल्यानं जंतू मरतात. विरघळलेलं काहीच जात नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात बोअरचं पाणी उकळलं तर ते आणखी खारट होतं. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आहे, तेही उकळून जात नाही. एखाद्या गावात दोन दिवस थांबलात तर हरकत नाही, पण आठवडे काढायचे असतील तर गावातले लोक स्वतः प्यायला कुठलं पाणी आणतात ते विचारा आणि तेच भरा.

क्रम असा:

१. प्यायच्या पाण्याची टाकी किंवा जार वेगळा, धुण्याचा वेगळा. नळीसुद्धा वेगळी.
२. दिसायला गढूळ असेल तर आधी निवळू द्या, सुती कापडातून गाळा, मग उकळा. खळखळ उकळी एक मिनिट पुरे. उकळायची सोय नसेल तर क्लोरीनचे थेंब, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, आणि त्यानंतर अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, म्हणून गाळणं आधी.
३. टाकी दर पंधरा दिवसांनी रिकामी करून घासायची, वाळू द्यायची. आतला चिकट थर बोटाला लागतो, डोळ्याला दिसत नाही.

तपासा: दोन माणसांमागे किमान १० लिटर प्यायचं पाणी गाडीत शिल्लक असल्याशिवाय उन्हाळ्यात शहर सोडू नका.

## टप्पा ५: दारासमोरच्या तीन रात्री

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात. निघण्याआधी स्वतःच्या घरासमोर तीन रात्री गाडीत झोपा, पण घरातलं बाथरूम, पंखा, फ्रिज काहीही न वापरता. एक रात्र दारं-काचा प्रवासात ठेवायच्या तेवढ्याच उघड्या ठेवून, एक रात्र स्वयंपाक करून, एक रात्र अंधारात बाहेर पडण्याचा सराव करून. डोळे बंद ठेवून बिछान्यातून दारापर्यंत पोहोचता यायला हवं. कुलूप आतून एका हातानं उघडायला हवं. मधल्या सामानानं पाय अडला तर सामान हलवा.

## टप्पा ६: दिवस मुक्कामापासून मागे मोजा

सकाळी निघताना "आज कुठपर्यंत जमेल बघू" असं म्हटलं की संध्याकाळी अनोळखी जागी अंधारात थांबणं ठरलेलंच. त्याऐवजी असं करा.

१. सकाळी चहाच्या वेळी रात्रीची जागा ठरवा, आणि तिच्या अलीकडची एक पर्यायी जागा. त्या जागेचं जवळचं सरकारी रुग्णालय कुठं आहे तेही तेव्हाच पाहा.
२. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचायचं. तिथून उलट मोजा: जेवण, दोन विश्रांती, पेट्रोल, पाणी. जे तास उरतात तेवढंच अंतर. गाडीतच राहणाऱ्यांनी दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटरच्या वर जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. घाई कसली?
३. उजेडात जागेभोवती पायी फिरा. मालकाला, पंपाच्या मॅनेजरला, मंदिराच्या पुजाऱ्याला विचारून परवानगी घ्या. "रात्रभर गाडी लावू का भाऊ?" एवढं विचारलं की लोक स्वतःहून पाण्याची जागाही दाखवतात.
४. गाडीचं तोंड बाहेर निघण्याच्या दिशेला. चावी ठरलेल्या एकाच खिळ्यावर.
५. घरच्या एका माणसाला जागा कळवा. सकाळी ठरल्या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर त्यांनी काय करायचं, हेही सांगून ठेवा.

नागपूरजवळच्या वाडी आणि कापसीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: जुना ड्रायव्हर थांबलेले ट्रक बघून ढाबा निवडतो, पाटी बघून नाही. जिथं दहा ट्रक रोज झोपतात तिथं उजेड, माणसं आणि संडास असतो.

इथं थांबू नका: महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर, अगदी पार्किंग लाइट लावूनसुद्धा. मागून येणाऱ्या डुलकी लागलेल्या ड्रायव्हरला उभी गाडी चालती वाटते. समृद्धीवर तर फक्त ठरवून दिलेल्या थांब्यांवरच. मनसरच्या पुढे देवलापार-खवासा हा पेंचच्या जंगलातून जाणारा रस्ता आहे, तिथं रात्री गाडी चालवणंही टाळा आणि उतरणंही. पावसाळ्यात नाल्याच्या कोरड्या पात्राजवळ किंवा एकट्या उंच झाडाखाली नको.

झोपेबद्दल: पहाटे दोन ते सहा आणि जेवणानंतर दुपारी दोन ते चार, या वेळांत डोळा लागण्याचा धोका सगळ्यात जास्त. ताशी १०० च्या वेगात चार सेकंद डुलकी लागली तर गाडी ११० मीटर पुढं गेलेली असते. खिडकी उघडणं, गाणी, तंबाखू, यांनी झोप जात नाही, फक्त पुढं ढकलली जाते. थांबा, चहा प्या, वीस मिनिटं झोपा, मग निघा. मोटार वाहतुकीतल्या कामगारांसाठीचा १९६१ चा कायदाही सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगायचा. आपण दर दोन तासांनी थांबावं.

निघण्याआधी रोज टायर हातानं चाचपा. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. सिमेंटच्या रस्त्यावर दुपारी तापलेल्या टायरची हवा जास्त दिसली म्हणून ती सोडणं चूक आहे, थंड झाल्यावर ती कमी पडते आणि कमी हवेचा टायरच जास्त तापून फुटतो. टायरवरचा चार आकडी शिक्का बघा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष.

## टप्पा ७: ऊन

नवतपा म्हणजे काय ते नागपूरकराला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो आणि पत्र्याची बंद गाडी त्याहून कितीतरी जास्त तापते. पाच मिनिटांसाठी म्हणूनही मूल, म्हातारं माणूस किंवा कुत्रं आत ठेवून दार लावू नका. माझा सल्ला सरळ आहे: १५ एप्रिल ते पावसाची पहिली सर या काळात विदर्भाच्या सपाट भागात गाडीत राहू नका. पचमढी, चिखलदरा गाठा किंवा घरी या. ते शक्यच नसेल तर पुढीलप्रमाणे.

गाडी अशी लावा की दुपारनंतर मोठी काच पश्चिमेला नसेल. काचेला बाहेरून आच्छादन घाला, आतून लावलेला पडदा काचेतून आलेली उष्णता आतच ठेवतो. छोटा कूलर लावत असाल तर समोरची खिडकी उघडी हवी, कोंडलेल्या जागेत कूलर नुसती दमट वाफ करतो. सकाळी ११ ते संध्याकाळी ५ गाडी सावलीत उभी, माणसं गाडीबाहेर झाडाखाली. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, पण भरवसा पाण्यावर.

तहान लागण्याची वाट पाहू नका. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडलं आहे. ताक, पन्हं, आंबील उत्तम. ओआरएसची पुडी एक लिटरची असेल तर एक लिटरमध्येच घाला, अर्ध्या ग्लासात घोळून देऊ नका. पुडी नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

ऊन लागलंय हे कसं ओळखायचं, आणि पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं: थकवा, चक्कर, भरपूर घाम, पायात गोळे, इथपर्यंत सावली, ओआरएस आणि आराम पुरतो. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या जायला लागल्या, अंग भट्टीसारखं तापलं, झटका आला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात आहे.

१. एकानं १०८ लावायचा. दुसऱ्यानं त्याच क्षणी माणसाला सावलीत न्यायचं.
२. जादा कपडे काढा. बादलीतलं असेल तसं पाणी अंगावर ओता, ओततच राहा. प्यायचं पाणी असेल तर तेही.
३. पुठ्ठ्यानं, थाळीनं, मिळेल त्यानं जोरात वारा घाला. मानेजवळ, काखेत, जांघेत बर्फ किंवा गार बाटल्या.
४. शुद्धीत नसेल तर तोंडात थेंबही पाणी घालू नका, कुशीवर वळवा.
५. पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप नाही, त्यानं उतरत नाही.

रुग्णवाहिका येईपर्यंत गार करणं थांबवायचं नाही. "आधी दवाखान्यात पोचू, मग बघू" असं म्हणून कोरड्या अंगानं तासभर गाडीत नेणं, ही इथली सगळ्यात मोठी चूक.

## टप्पा ८: पावसाळा

साप. मण्यार रात्री फिरतो आणि झोपलेल्या माणसाला चावतो. चावा इतका बारीक की अनेकदा कळतही नाही. पहाटे पोट दुखणं, पापण्या जड होणं, बोलता-गिळता न येणं, यावरून कळतं. म्हणून गाडीबाहेर जमिनीवर झोपायचं नाही, दार रात्री बंद, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली, बूट घालण्याआधी झटकून. लघवीला उतरताना बॅटरी हातात, चप्पल नको, बूट.

चावला तर: हात-पाय हलवू देऊ नका, फळी किंवा गुंडाळलेल्या चादरीनं आधार द्या, अंगठी-बांगड्या काढा आणि थेट सरकारी रुग्णालय. आवळून बांधणं, कापणं, चोखणं, मांत्रिक, काहीही नाही. साप मारून सोबत न्यायची गरज नाही, नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर एकच प्रतिविष चालतं.

ताप. गडचिरोलीत किंवा बस्तरमध्ये राहून आलात आणि पुढच्या काही आठवड्यांत थंडी वाजून ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य तेच सांगा. हिवतापाची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. उंच गवतात चादर अंथरून बसणंही टाळा. स्क्रब टायफस गवतातल्या बारीक किड्याच्या अळीनं होतो, २०१८ मध्ये नागपुरात त्याची मोठी साथ आली होती. ताप आणि अंगावर कुठंतरी सिगारेटनं भाजल्यासारखी काळी खपली दिसली तर डॉक्टरांना ती दाखवा. काख, कंबर, मांडीचा सांधा नीट पाहा, बहुतेकदा ती झाकलेल्या जागी असते.

कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून. हळद-मिरची नको. त्याच दिवशी पहिली लस, आणि कार्ड जपून ठेवा, पुढचे डोस पुढच्या गावातल्या सरकारी रुग्णालयात त्यावर मिळतात.

## टप्पा ९: सवयी, ज्या हळूहळू त्रास देतात

बायकांचा सगळ्यात मोठा त्रास कुणी बोलत नाही: संडास नाही म्हणून पाणी कमी पिणं आणि लघवी तुंबवणं. त्यातून जंतुसंसर्ग होतो, उन्हाळ्यात मुतखडाही. उपाय गाडीत आहे. झाकणाची बादली, पिशवी, लाकडाचा भुसा आणि एक पडदा, एवढ्यावर काम भागतं. हे पहिल्या दिवसापासून असू द्या.

सलग बसून पायात रक्ताच्या गाठी होऊ शकतात. दर थांब्याला दहा मिनिटं चाला. एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर ती चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

जेवणात एक नियम पुरतो: दुपारचं शिजवलेलं रात्री नाही, विशेषतः भात. ढाब्यावर समोर तव्यावरून उतरलेली पोळी किंवा भाकर आणि उकळती डाळ घ्या. कापून ठेवलेला कांदा-काकडी नको, अख्खा कांदा मागून स्वतः फोडा. सावजी रस्सा आठवड्यातून एकदा, मुक्कामाच्या रात्री, दुसऱ्या दिवशी लांब पल्ला नसताना.

## टप्पा १०: प्रवास कधी मोडायचा

हे निघण्याआधी दोघांनी बसून कागदावर लिहा, कारण रस्त्यावर असताना प्रत्येक जण "अजून एक दिवस बघू" म्हणतो. तीन रात्री धड झोप नाही. दोन दिवसांच्या वर ताप. छातीत दाब किंवा डाव्या हाताला कळ, जी थांबल्यावरही जात नाही. जुलाबांसोबत सहा-आठ तास लघवीच नाही. एकजण सतत चिडतोय, बोलत नाही, जेवत नाही. यातलं काहीही झालं की गाडी जवळच्या शहराकडे वळवायची, चर्चा नाही. छातीत कळ असेल तर स्वतः चालवत जायचं नाही, १०८.

आणि दर तीन महिन्यांनी आठवडाभर पक्क्या छताखाली राहा. तेव्हा रक्त तपासा, गॅसची नळी, अलार्मचे सेल, टायर आणि औषधांच्या मुदती बघा, दोन्ही पिशव्यांतली औषधं पुन्हा भरा. गाडी रिकामी करून उन्हात उघडी ठेवा, गादी दोन्ही बाजूंनी वाळू द्या, टाकी घासा. मग पुढच्या पहिल्या मुक्कामाची जागा ठरवून निघा.